थ्रिलरची टायटल्स: नुसती नावं वाचताना पोटात गोळा का येतो?

तिरपी_चौकट

खून झालेला नाही, दार करकरलेलं नाही, एकही पात्र तोंड उघडून बोललेलं नाही. पडद्यावर फक्त नावं येताहेत. तरी चांगल्या थ्रिलरमध्ये प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. हे होतं कशाने?

‘काळोख आणि भेसूर संगीत’ हे ठरलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं. तेवढं तर दर तिसऱ्या सिनेमात असतं आणि तिथे लोक निवांत पॉपकॉर्न खात असतात.

माझं म्हणणं असं: टायटल्सच्या वेळी प्रेक्षक बघत नसतो, वाचत असतो. नजर अक्षरांना बांधलेली, बाकीची चौकट मोकाट. नाव आरामात दोनदा वाचून होईल एवढा वेळ मिळण्याची त्याला सवय असते. एका नावाला साधारण अडीच ते तीन सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या (सुट्या चित्रांच्या) हिशोबाने ६० ते ७२ फ्रेम. ही सवय मोडली की तो बिथरतो. वाचून व्हायच्या आत नाव काढून घ्या, नाहीतर वाचून झाल्यावरही उगाच तिथेच ठेवा.

‘सेव्हन’ (१९९५) घ्या. काइल कूपरची टायटल्स. खरवडलेली अक्षरं, वह्यांत किरट्या अक्षरात भरलेली पानं, ब्लेडने बोटांच्या टोकांची कातडी काढणं, नाइन इंच नेल्स या बँडच्या गाण्याचं रीमिक्स. सगळे त्या ब्लेडबद्दल बोलतात. पण ब्लेड दिसतं जेमतेम क्षणभर. खरा त्रास देतात ती उडी मारून जागा बदलणारी, एकदोन फ्रेम उलटी चमकून जाणारी नावं.

तर प्रतिमा, अक्षर, आवाज आणि वेळ, यांत पहिला मान कुणाचा? आणि दुसरा प्रश्न, जो जास्त कामाचा आहे: हे देवनागरीत कसं जमवायचं?

पडद्यामागची_पाल

पहिला नंबर! वाचतेय. धागा वाचनखुणांत साठवला.

सप्तक_अर्धवट

वेळेचा मुद्दा मान्य, पण आवाजाला इतक्या पटकन बाजूला सारू नका. ‘सायको’ची (१९६०) टायटल्स आवाज बंद करून बघा. काळ्यावर करड्या पट्ट्या सरकताहेत, बस. बघायला छान, पण भीती शून्य. संगीतकार बर्नार्ड हर्मनची तंतुवाद्यं चालू केली की त्याच पट्ट्या सुऱ्या होतात. त्या अख्ख्या सिनेमात तंतुवाद्यांशिवाय दुसरं वाद्य नाही.

‘व्हर्टिगो’च्या (१९५८) टायटल्सचं संगीतही हर्मनचंच, ते आपल्या भाषेत सांगतो. त्यातला मुख्य स्वरसमूह म्हणजे सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. पटदीपमध्येही कोमल गंधार आणि शुद्ध निषाद आहेतच, मग पटदीप ऐकून भीती का नाही वाटत? कारण तिथे निषाद षड्जाला जाऊन मिळतो, सुटका होते. हर्मन ती सुटका होऊ देत नाही. एक ओळ वर चढते, दुसरी त्याच वेळी खाली उतरते, आणि दोघी पुन्हा जिथल्या तिथे. कान षड्जाची वाट बघत राहतो.

आणखी एक. ‘हॅलोविन’ची (१९७८) सुरुवात आठवा. काळ्या पडद्यावर डावीकडे कोरलेला भोपळा, उजवीकडे नावं, कॅमेरा मुंगीच्या पावलाने भोपळ्याच्या डोळ्याकडे. जॉन कार्पेंटरची पियानोची धून पाचाच्या ठेक्यात आहे. तिचे बारीक दहा भाग मोजले तर ३-३-२-२ अशी विभागणी मिळते. आपला झपतालही दहाचाच, पण २-३-२-३. तो दोन सारख्या अर्ध्या भागांत तुटतो म्हणून तोल वाटतो. ३-३-२-२ मध्ये पाय जिथे पडेल असं वाटतं तिथे जमीन एक मात्रा आधीच येते.

खवचट_खार

आता झपतालात मुंडकी उडणार तर. जाता जाता, तबलजींनी हलके घ्या.

तिसरी_रांग

@सप्तक_अर्धवट, मस्त प्रतिसाद. पण उलट बाजूचं उदाहरण देते. हानेकेचा ‘कॅशे’ (२००५). संगीत नाही. पॅरिसमधला एक रस्ता, समोर घर, कॅमेरा ढिम्म. त्यावर अगदी बारीक टायपात नावं एकेक अक्षर उमटत जातात, एकामागून एक ओळीत भरत राहतात. कुठलंही नाव ठळक नाही, दिग्दर्शकाचं नाव शोधावं लागतं. पडदा गजबजतो आणि मग सगळं एकदम जातं. घर तिथेच. चित्र अजून तसंच. ‘आता काहीतरी होईल’ म्हणून आपण डोळे फाडून खिडक्या, झुडुपं, गाड्या तपासत बसतो. मग कुणीतरी बोलायला लागतं आणि चित्र भराभर पुढे पळवल्याच्या रेषा येतात. म्हणजे इतका वेळ आपण व्हिडिओ टेप बघत होतो, त्या घराबाहेर कुणीतरी ठेवलेल्या कॅमेऱ्याची.

इथे आवाजाचा वाटा फक्त रस्त्यावरची पाखरं आणि जाणारे-येणारे. त्यामुळे धागाकर्त्याचा मुद्दा मला जास्त पटतो: वाचून झाल्यावर काय, हा प्रश्न प्रेक्षकावर सोडून देणं.

अण्णा_रीळवाले

‘सेव्हन’चा विषय निघालाच आहे तर अक्षरं खरवडण्याबद्दल. आजकाल सगळे तयार ‘स्क्रॅच’चे थर वर टाकतात आणि ते नकली दिसतात. का दिसतात ते सांगतो.

खऱ्या ३५ मिमी रंगीत प्रिंटवर सुईने खरवडलं तर थेट पांढरी रेघ येत नाही. प्रिंटमध्ये सगळ्यात वर किरमिजी थर, मध्ये निळसर-हिरवा, तळाशी पिवळा. काळ्या भागावर हलक्या हाताने ओढलं तर फक्त वरचा थर जातो आणि रेघ हिरवी दिसते. जरा जोर दिला की पिवळी, पार खोल गेलं की पांढरी. एकाच फटक्यात हाताचा दाब बदलतो, त्यामुळे रेघेच्या कडा हिरवट आणि पोट पांढरं असतं. तयार थरांत सगळ्या रेघा पांढऱ्याफेक, शेवटपर्यंत एकाच जाडीच्या.

हिशोब: ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम. तीन सेकंदांच्या नावासाठी साडेचार फूट फिल्म, म्हणजे तेच नाव ७२ वेळा कोरायचं. ७२ वेळा हात तेच अक्षर तसंच्या तसं काढूच शकत नाही. ती जी थरथर दिसते ना, ती इथून येते.

आणि कोरायचं ते इमल्शनच्या, म्हणजे रंगांचे थर असलेल्या बाजूने. ओठाला हलकेच लावून बघायचं, जी बाजू चिकटते ती इमल्शनची. पाठीमागच्या बाजूने खरवडलं तर नुसती धूसर रेघ मिळते, रंग जागचे हलत नाहीत.

कीफ्रेम_कुलकर्णी

अण्णा, दंडवत. पण ७२ वेळा कोरायला आता कोण बसणार? डिजिटलमध्ये त्याच्या जवळ जायचा कमी कष्टाचा मार्ग:

काळ्या कागदावर पांढऱ्या शाईने एकेक नाव चार वेळा लिहायचं. १२०० डीपीआयला स्कॅन. चारही प्रती एकावर एक बसवायच्या, पण तंतोतंत नाही, दोनतीन पिक्सेलचा फरक राहू द्यायचा. मग प्रत्येक प्रत दोन फ्रेम धरून फिरवायची. क्रम १-२-३-४-१-२-३-४ ठेवलात तर डोळा एका सेकंदात चक्र ओळखतो आणि ते गोंडस कार्टूनसारखं डुलायला लागतं. क्रम विस्कटायचा: १-३-२-४-२-१-४, मध्ये एखादी प्रत सात-आठ फ्रेम तशीच. ती थांबलेली जागा सगळ्यात जास्त खटकते, कारण बाकी सगळं हलत असताना तिथे काहीच हलत नाही.

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथे: सॉफ्टवेअरमधला ‘विगल’ (आपोआप थरथरवणारा इफेक्ट) लावून मोकळं होणं. त्याने अख्खं नाव एकसंध हलतं, जणू पाटी हलवतंय कुणी. हाताने लिहिलेल्या प्रतींत अक्षराअक्षराचा आकार बदलतो. फरक ताबडतोब कळतो.

लुकलुक टाकणार असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको. अपस्माराचा त्रास असलेल्यांना तो खरोखर बाधू शकतो.

मात्रा_वेलांटी

शेवटी देवनागरीवर यायचं कुणाला आहे की नाही? मी येते.

इंग्रजी टायटल्समधली सर्वात सोपी युक्ती म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. अक्षरं लांब लांब उभी केली की ती एकाकी वाटतात. देवनागरीत हे केलं की शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि नाव भयावह न दिसता नुसतं मोडकं दिसतं. बहुतेक मराठी थ्रिलरच्या पोस्टरवर हा अपघात पाहायला मिळतो. मग त्यावर रक्ताचे ओघळ सोडतात. चालू द्या.

पण शिरोरेखा हीच आपल्याकडची वेगळी गोष्ट आहे, रोमन लिपीकडे ती नाहीच. तीन प्रकार करून बघण्यासारखे:

एक, आधी फक्त रेघ. काळ्या पडद्यावर एक आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते आणि थांबते. दीड सेकंद काहीच नाही. मग अक्षरं तिला खालून लटकतात.

दोन, शिरोरेखा गायब. अक्षरं आहेत, वरची रेघ नाही. भ-म आणि ध-घ या जोड्या ओळखताना मराठी डोळा अडखळतो, कारण त्यांच्यातला अर्धा फरक रेघेतच असतो. वाचता येतं, पण अर्धा क्षण जास्त लागतो. धागाकर्त्याला हवा तो हाच अर्धा क्षण.

तीन, फक्त दंड, म्हणजे अक्षरातली उभी रेघ. ‘एलियन’मध्ये (१९७९) रिचर्ड ग्रीनबर्गने शीर्षकाची पाच अक्षरं तुकड्या-तुकड्याने आणली. आधी नुसत्या काड्या, त्यांचा अर्थ लागत नाही, हळूहळू शब्द तयार होतो. देवनागरीत त्यासाठी सोय आयतीच आहे: ग, ण, श यांचे दंड सुटे असतात, आणि प, त, न, म, स, व या सगळ्यांना उजवीकडे उभा दंड असतोच. ‘गणेश’ हे नाव आधी फक्त दंडांत दाखवा, तीन काठ्या उभ्या दिसतात. ‘सायको’च्या पट्ट्या आपल्या लिपीत आधीपासून बसल्यात!

कीफ्रेम_कुलकर्णी

@मात्रा_वेलांटी, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा. त्यात तांत्रिक भर:

आधी टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन चालू आहे ना ते बघा. नसेल तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसतो आणि जोडाक्षरं सुटतात. सहायकांच्या यादीत असा घोळ कायम दिसतो आणि तिथला माणूस बिचारा काही बोलत नाही.

नंतर अक्षरांचे व्हेक्टर आकार (कापता-जोडता येणाऱ्या बाह्यरेषा) करा. बहुतेक फाँटमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. भरीव रंगात ते दिसत नाही, पण नुसती बाह्यरेषा काढलीत किंवा अर्धपारदर्शक केलंत की प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. म्हणून आधी सगळे आकार एकत्र जोडून एक करायचे, आणि मग शिरोरेखा वेगळी कापून तिचा स्वतंत्र थर करायचा.

अक्षरागणिक हलणारं तयार अ‍ॅनिमेशन देवनागरीला अजिबात लावू नका. मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जातं.

खवचट_खार

दिग्दर्शकाची मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे हे आपल्याकडे अ‍ॅनिमेशनशिवायही होतं.

लांबचा_शॉट

सगळे जवळून खरवडताहेत म्हणून जरा लांबून. ‘द शायनिंग’ (१९८०). भर दिवसा, स्वच्छ ऊन, तळं, डोंगर, आणि घाटातून जाणारी चिमुकली पिवळी गाडी. चित्रीकरण मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं. यात भीतीदायक काय आहे? काहीच नाही.

माझ्या मते तिथे तीन गोष्टी काम करतात. पहिली, कॅमेरा गाडीचा पाठलाग करतो, जवळ येतो, आणि तिला सोडून भलतीकडेच निघून जातो. माणसाची नजर असं करत नाही. दुसरी, वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर वाजवलेली ‘डिएस इरे’ची जुनी धून, चर्चमध्ये मृतांसाठी गायली जाते ती. तिसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही: नावं खालून वर सरकतात. आकाशी रंगाची, साधी, एकसारख्या वेगाने. अशी नावं शेवटी असतात. सिनेमा सुरू होतोय आणि डोळ्यांना वाटतंय की संपला.

‘सेव्हन’ने शेवटी याच्या बरोबर उलट केलं. तिथली अखेरची नामावली वरून खाली उतरते.

अवांतर: त्या हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या आणि न वापरलेल्या चित्रीकरणाचा काही भाग पुढे ‘ब्लेड रनर’च्या (१९८२) मूळ आवृत्तीच्या शेवटी सुखी शेवट म्हणून लागला. तेच डोंगर, एकीकडे अपशकुन, दुसरीकडे सुटका.

सप्तक_अर्धवट

@लांबचा_शॉट, तेच डोंगर पण वेगळं संगीत आणि अर्थ उलटा, हे तुम्हीच सिद्ध केलंत. माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

लांबचा_शॉट

संगीत बदललं हे खरं, पण गोष्टीतली जागाही बदलली. एक सुरुवात, एक शेवट. दोन्ही बदलून एकालाच श्रेय कसं देता येईल?

पडद्यामागची_पाल

नावं सरकवायचीच असतील तर वेगाचा हिशोब करून ठेवा, नाहीतर भीतीऐवजी डोकेदुखी होते. प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेलच सरकवायचे: २, ३ किंवा ४. अडीच पिक्सेल ठेवले की अक्षरांच्या कडा एकाआड एक फ्रेमला पुसट होतात आणि ओळ थरथरते. फ्रेमला ३ पिक्सेल म्हणजे सेकंदाला ७२, आणि १०८० ओळींचा पडदा ओलांडायला १५ सेकंद. वाचायला पुरेसे, थोडे कंटाळवाणेच. ४ केले तर सव्वाअकरा.

काळोखी पार्श्वभूमीवरची दुसरी अडचण म्हणजे पट्टे. काळ्याकडून गडद करड्याकडे जाणारी छटा ८ बिटमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी दिसते, जणू नकाशातल्या समोच्च रेषा. १० बिटमध्ये (छटांच्या पायऱ्या जास्त) काम करा आणि वर बारीक ग्रेन (फिल्मसारखा दाणेदारपणा) टाका. ग्रेन शोभेसाठी नाही, त्या पायऱ्या मोडायला. पण यूट्यूबवर चढवणार असाल तर ग्रेन माफक, कारण तिथलं कॉम्प्रेशन आधी ग्रेन खातं, मग अक्षरांच्या बारीक रेघा.

नवखा_नीळकंठ

इथे सगळे परदेशी सिनेमे. आपल्याकडे काय?

तिसरी_रांग

‘अंधाधुन’ (२०१८). पुण्यात घडणारा सिनेमा, सुरुवात मात्र कोबीच्या शेतात. ससा, बंदूकवाला शेतकरी, धावपळ, आणि पडदा काळा. त्या सशाचा मुख्य गोष्टीशी काय संबंध हे शेवटाकडे येईपर्यंत कळत नाही. सुरुवातीला एक तुकडा देऊन तो विसरायला लावणं हीही टायटल्सचीच कामगिरी.

मध्यंतर_चहा

आपल्याकडची खरी अडचण कुणी बोलतच नाही. टायटल्सच्या आधी पडद्यावर काय काय येतं ते मोजा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र. चारपाच निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं, प्रत्येकाची आपापली तुतारी. आभारांची लांबलचक पाटी. ‘या चित्रपटातील सर्व पात्रे काल्पनिक’. आणि सिनेमात कुणी विडी-सिगरेट ओढली असेल तर सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांचा तंबाखूविरोधी संदेश, शिवाय २० सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना. हर्मनला बसवा आता यानंतर!

जमेल तेवढं वातावरण वाचवायचं असेल तर:

बोधचिन्हांच्या मूळ धुना काढून टाकायची परवानगी मागा आणि त्यांच्याखालूनच सिनेमाचा स्वतःचा आवाज सुरू करा, नुसता पंख्याचा घूंऽऽ असला तरी चालेल. आभारांची पाटी शेवटी न्या. ज्यांना सुरुवातीलाच हवी असते ते बहुधा एक-दोन जण असतात, त्यांच्याशी आधी बोला. आणि सूचनेनंतर टायटल्समध्ये लगेच उडी मारू नका. चारपाच सेकंद साधा, शांत शॉट द्या, म्हणजे हॉलमधली कुजबूज खाली बसते.

खवचट_खार

किंवा खुन्याला सिगरेट सोडायला लावा. ५० सेकंद वाचले, फुप्फुसंही.

सप्तक_अर्धवट

@मध्यंतर_चहा, त्या शांत शॉटमध्ये आवाज पूर्ण शून्यावर नेऊ नका. डिजिटल शून्य हॉलमध्ये बिघाडासारखं ऐकू येतं, लोक मागे वळून प्रोजेक्शनच्या खिडकीकडे बघतात. खोलीचा नैसर्गिक आवाज अगदी खाली ठेवून द्या.

खोल घुमणारा आवाज टाकणाऱ्यांसाठी एक: ४० हर्ट्झचा ड्रोन थिएटरमध्ये खुर्ची हलवतो, पण फोनवर आणि लॅपटॉपवर तो वाजतच नाही. तिथे तुमची टायटल्स मुकी. त्याच ड्रोनवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटल्यासारखा करणं) चढवलं की १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात त्याचे वरचे सूर तयार होतात आणि लहान स्पीकरवरही कानाला खालचा सूर असल्याचा भास होतो. मिक्स झाल्यावर एकदा फोनवर ऐकल्याशिवाय फाइल सोडायची नाही.

नवखा_नीळकंठ

पण ओटीटीवर ‘स्किप इंट्रो’ असताना एवढी मेहनत कशाला?

लांबचा_शॉट

ते बटण मुख्यतः मालिकांना, कारण तीच टायटल्स दर भागात येतात. त्यावर उपाय म्हणजे दर भागात काहीतरी बदलणं, किंवा टायटल्स गोष्टीतच मुरवणं. ‘पॅनिक रूम’मध्ये (२००२) नावं मॅनहॅटनच्या इमारतींच्या शेजारी, त्याच कोनात, त्याच उन्हात इमारतींएवढी मोठी उभी आहेत. ती वगळायची तर शहरच वगळावं लागेल.

तिरपी_चौकट

धागा कुठून कुठे गेला! सर्वांचे आभार.

@सप्तक_अर्धवट, आवाज बंद करून ‘सायको’ बघायला सांगितलंत. उलट प्रयोगही करा: आवाज चालू, डोळे बंद. हर्मनने धावपळ कळते, पण क्षणाक्षणाला पट्ट्या जुळून नाव बनतं आणि वाचून होतंय तोच पुन्हा फाटतं, हे कळत नाही. शिवाय टायटल्स संपतात त्या उभ्या पट्ट्यांतून फीनिक्स शहराच्या इमारती निघतात आणि लगेच पडद्यावर वार, तारीख, वेळ: शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी २ वाजून ४३ मिनिटं. २ वाजून ४३! ‘दुपार’ म्हणून भागलं असतं. इतकी नेमकी वेळ फक्त पंचनाम्यात असते. माझं मत वेळेवरच ठाम आहे.

@मात्रा_वेलांटी, दंडांच्या प्रयोगाबद्दल शंका. जोडाक्षरांचं काय? ‘कृष्णा’, ‘श्रद्धा’ अशा नावांत दंड मोजकेच, मग सगळी नावं सारखी कशी वागतील?

मात्रा_वेलांटी

सारखी वागवूच नका. र, ट, ड, द, ह यांना उभा दंड नाहीच. ‘रुद्र’ मध्ये काठी एकही मिळणार नाही. आधी अख्ख्या यादीत दंड मोजून घ्या आणि ज्या नावांत भरपूर आहेत ती पहिल्या पाचसात पाट्यांवर येतील का ते बघा. करारातला क्रम आड येत असेल तर ही युक्ती फक्त शीर्षकासाठी राखून ठेवा आणि नावांना शिरोरेखेचा पहिला प्रकार लावा, तो प्रत्येक नावाला चालतो. आणि शेवटच्या रूपात नाव किमान ४० फ्रेम पूर्ण वाचता येईल असं स्थिर ठेवा, नाहीतर कलाकाराच्या व्यवस्थापकाचा फोन येतो. ती अस्वस्थता वेगळी.

खवचट_खार

रुद्रला काठी नाही, त्रिशूळ द्या.